परीटघडीचं धोतर

लोकांना वाटतं, गुन्ह्याच्या जागेची वाट गुन्हेगार लावतो. कसलं काय! वाट लावतात घरचे लोक, आणि तीही स्वच्छता करून. पोलीस येणार म्हटल्यावर आपल्याकडची बाई पहिल्यांदा काय करते? केर काढते. चार माणसं घरात येणार, घर कसं दिसेल! विश्रांतवाडीत माझ्याच शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी चोरानं उचकटलेलं कपाट ओल्या फडक्यानं पुसून, आतले कपडे घड्या घालून परत लावून ठेवले होते. मी ठसे घ्यायला ब्रश आणि पावडर काढली आणि बघते तर काय, कपाट लख्ख. अहो, हे काय करून बसलात, असं विचारलं, तर म्हणाल्या, मग काय पसारा तसाच ठेवायचा? तुम्ही फोटो काढणार ना!

मी फॉरेन्सिकच्या फिरत्या गाडीवर काम करते. नाव मोठं आहे, काम मात्र गुडघ्यांचं आणि कमरेचं. निम्मं आयुष्य परक्या घरांच्या फरशीवर रांगण्यात गेलं. कुणाच्या लग्नाला गेलं की कोणी ना कोणी विचारतंच, टीव्हीत दाखवतात तसं असतं का हो? मी म्हणते, अगदी तसंच, फक्त आमच्यामागे संगीत वाजत नाही आणि आम्हाला डबा खायला वेळ मिळत नाही. त्यावर ते हसतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

खरं म्हणजे जागेवर गेल्यावर पहिलं काम असतं काहीही न करण्याचं. पोलिसांनी दोरी बांधलेली असते. तिच्याबाहेर उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि नुसतं बघायचं. मग आत जायची एकच वाट ठरवायची आणि सगळ्यांनी त्याच वाटेनं जायचं-यायचं, मग तो शिपाई असो नाहीतर साहेब. कशालाही हात लावायच्या आधी ती वस्तू जिथे आणि जशी पडली आहे तसा तिचा फोटो घ्यायचा. आधी दारातून अख्खी खोली, मग थोडं पुढे जाऊन, मग अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. नंतर नंबरांचे ठोकळे, नंतर नकाशा. डाग ओल्या कापसावर टिपला तर तो कापूस सावलीत वाळवायचा आणि कागदाच्याच पाकिटात घालायचा. प्लास्टिकमध्ये कोंबला की नमुना कुजतो आणि कोर्टात आपलं हसं होतं. पाकिटावर लाखेचं सील, वर पंचांच्या सह्या. पंच म्हणजे दोन तिऱ्हाईत माणसं. त्यांनी सगळं डोळ्यांनी बघायचं आणि पुढे कोर्टात, हो, आमच्यासमक्ष झालं, असं सांगायचं. हल्ली नव्या कायद्याप्रमाणे या सगळ्याचं चित्रीकरणही करावं लागतं, त्यामुळे पंच केस विंचरून येतात.

आणि आमची भाषा! रक्त दिसलं तरी रक्त लिहायचं नाही, 'रक्तासारखा दिसणारा डाग' लिहायचं. सोनं लिहायचं नाही, 'पिवळ्या धातूची वस्तू' लिहायचं. जे तपासलं नाही ते ठरवून टाकायचं नाही, एवढाच त्यामागचा अर्थ, आणि तो मला पटतो. पण सवय घरापर्यंत येते. आमचे हे जेवताना म्हणतात, आज आमटीत मिठासारखा दिसणारा पदार्थ कमी पडलाय, पंचांना बोलावू का?

ही हडपसरची गोष्ट तशी साधीच आहे. पेपरात आली नाही, येण्यासारखी नव्हतीही. पण इतकी घरं बघितली, त्यातलं हे एक घर माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

हडपसरच्या जुन्या गावठाणातलं घर. आयटी पार्क झाल्यावर वर दोन मजले चढवून भाड्यानं दिलेले, खाली मालकांचं कुटुंब. मालक सत्तरी उलटलेले. तरुणपणी तालमीत नाव कमावलेलं, त्यामुळे अख्खी आळी त्यांना पैलवान म्हणायची. अंगानं अजून ताठ, पांढरं कडक धोतर, तसाच सदरा. ते गल्लीतून निघाले की ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहायची, असं मला तिथल्या दोघातिघांनी आपणहून सांगितलं.

पैलवान पहाटे घरात पडले आणि गेले. मुलगा कारखान्यात रात्रपाळीला होता. तो सकाळी घरी आला तेव्हा वडील खाटेवर आडवे होते, आई उशाशी, बायको पायाशी. त्यानं शेजाऱ्याची गाडी काढून त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या बाजूची जखम बघितली आणि पोलिसांना कळवलं. हा झाला नेहमीचा भाग. तपास अधिकारी रुग्णालयात गेला आणि तिथे त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. केस रक्तानं चिकटलेले, आणि अंगावरचं धोतर मात्र परीटघडीचं. परिटानं आत्ताच इस्त्री करून आणून दिल्यासारखं, एक डाग नाही, घडीच्या रेघासुद्धा जशाच्या तशा. एवढं रक्त गेलेला माणूस स्वतः उठून धोतर बदलत नाही. म्हणजे कुणीतरी बदललं होतं. आणि बदललं, तर का बदललं?

मी पोचले तेव्हा दिवस चांगला वर आला होता. अधिकारी दारातच भेटला. पोरगा हुशार, पण घाईचा. मी पायांवर प्लास्टिकचे मोजे चढवेपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं. रात्री घरात तिघंच होते, मयत, त्यांची बायको आणि सून. नातवंडं कात्रजला मामाकडे गेलेली. म्हातारी म्हणते, मी झोपले होते, मला काही ठाऊक नाही. सून म्हणते, मामा, म्हणजे सासरे, पाय घसरून पडले, मी एकटीच जागी होते, कपडे मी बदलले, फरशीही मीच धुतली. काढलेले कपडे कुठे आहेत, तर उत्तर नाही. त्यात शेजारणीनं सांगितलेलं की आदल्या संध्याकाळी सासरा-सुनेचं कडाक्याचं वाजलं होतं. सून म्हणत होती, आता बास, आता मी गप बसायची न्हाई, घरी आले की ह्यांना सांगणार म्हंजे सांगणार. आणि सासरा म्हणत होता, तोंड उघडलंस तर घराबाहेर काढीन. काय सांगणार होती, असं सुनेला विचारलं, तर म्हणाली, घरातली गोष्ट हाय.

'मॅडम, तुम्ही फक्त फरशीवरचं रक्त दाखवा,' तो म्हणाला. 'दुपारी मी तिला घेऊन जातो.'

मला असा 'फक्त' ऐकला की राग येतो. मी बॅग उचलून आत गेले. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सून बसली होती, शेजारी महिला पोलीस. चाळिशीची बाई, हाताला काम करून घट्टे पडलेले. रडत नव्हती. तिच्याकडे बघून मला काही कळलं असं मी म्हणणार नाही. चेहऱ्यावरून काही कळत नसतं, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगते.

जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधला अरुंद बोळ. शहाबादी फरशी, मोरीच्या दाराला काळ्या दगडाचा उंबरा. फिनेलचा वास घशात जात होता. साध्या डोळ्यांना फरशीवर काही नाही. आम्ही फोटो घेतले, मग मी गुडघ्यावर बसले आणि बॅटरी आडवी धरून एकेक फरशी बघायला लागले. मोरीच्या उंबऱ्याचा एक कोपरा टवका उडालेला होता. त्या टवक्यात दोन पांढरे केस आणि वाळलेला तांबडा कण. रक्तासारखा दिसणारा. पुसणाऱ्यानं वरून पुसलं होतं, कोपऱ्यात बोट घालायचं राहून गेलं होतं. भिंतींवर खालपासून वरपर्यंत शिंतोडा नाही. म्हणजे कुणी काही उचलून डोक्यात घातलेलं नव्हतं. डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं, पडताना, एकदाच.

मी अधिकाऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, धक्का दिला तरी माणूस पडतोच की. बरोबरच होतं त्याचं. उंबरा काही सांगत नाही की माणूस घसरला का ढकलला गेला. सुनेचं सुटणं-अडकणं त्या एका फरकावर होतं आणि तो फरक दगडावर उमटत नाही.

मग आम्ही खिडकीला आणि दाराला काळं कापड लावून अंधार केला. एक औषध असतं, ते फवारलं की धुतलेल्या रक्ताच्या जागा अंधारात थोडा वेळ निळसर चमकतात. ब्लीचिंग पावडरनं धुतलं असेल तर ते उगाचच चमकतं, म्हणून मी आधी मोरीत काय काय आहे ते बघून घेतलं होतं. नुसतं फिनेल होतं. पंचांना आत घेतलं, एक डेअरीवाले आणि एक वायरमन. कॅमेरा चालू केला आणि फवारलं.

फरशीवर अर्धगोल उठले. छोटे छोटे, एकावर एक चढलेले. एका जागी बसून हात पोचेल तेवढंच पुसलेलं, मग थोडं सरकून परत तेवढंच. मधेमधे रुंद पट्टा, पुसणाऱ्यानं स्वतःचं अंग ओढत नेल्याचा. त्या अर्धगोलांच्या मधल्या पट्ट्याकडे बघत मी तशीच बसून राहिले. कारण आयुष्यात मी किती फरश्या पुसल्यात! आपण उकिडव्या बसतो, हात लांब फिरवतो आणि पायांवर मागे मागे सरकतो. फडक्याची लांब, सलग कमान उठते. ज्या बाईला उकिडवं बसता येत नाही, तीच अशी पुसते.

दिवा लावल्यावर मी म्हणाले, हे फतकल मारून पुसलंय. अधिकाऱ्याला कळेना. मी विचारलं, साहेब, तुमच्या घरी फरशी कोण पुसतं? तर म्हणाला, मावशी येतात. मग त्याला समजावून सांगितलं की गुडघे गेलेली बाई जमिनीवर बसते आणि बसल्या बसल्या सरकत पुसते. सून मघाशी सहज उकिडवी बसून पाणी पीत होती, मी बघितलं होतं. म्हातारीला मात्र भिंत धरल्याशिवाय चालता येत नव्हतं. फरशी सुनेनं पुसलेली नाही, सासूनं पुसली आहे.

मला वाटलं, आता तरी हा थांबेल. तर तो म्हणाला, म्हणजे म्हातारीपण सामील आहे! माझं डोकंच फिरलं. मी सुनेला सोडवायला म्हणून काही बोलले नव्हते, जे दिसलं ते सांगितलं होतं. पण माझ्या सांगण्यानं एकीच्या जागी दोघी अडकायला निघाल्या होत्या. मी म्हणाले, आधी कपडे शोधू, मग काय ते ठरवा.

घराची झडती झाली. खाटेखाली, कणगीमागे, कचऱ्याच्या डब्यात, कुठे काही नाही. शेवटी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे, भिंत आणि टाकी यांच्या फटीत, उपड्या घमेल्यानं झाकलेली बादली. आत पाण्यात धोतर आणि सदरा. पाणी तांबूस. अधिकाऱ्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. फोटोग्राफरनं फोटो घेतले, पंच पुढे होऊन वाकून बघून गेले, वायरमननं नाकाला रुमाल लावला.

मला मात्र त्या बादलीपेक्षा तिच्या वरची दोरी जास्त दिसत होती. टाकीच्या मागे, रस्त्यावरून किंवा शेजारच्या घरांच्या खिडक्यांतून दिसणार नाही अशी बांधलेली दोरी. तिच्यावर एक जुनं लुगडं पसरलेलं, सुकून कडक झालेलं, तरी काढलेलं नाही. आणि त्या लुगड्याच्या खाली कापडं. चौकोनी, घड्या घालून कडेनं टाचलेली, ओळीनं वाळत घातलेली.

माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागणार नाही. दुकानात मिळणारे पॅड घरात यायच्या आधी आम्ही आमची कापडं अशीच वाळवायचो. आईनं मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, ऊन लागू दे पण नजर लागू देऊ नको. वर टॉवेल टाकायचा, खाली आपलं. वडिलांना, भावांना उभ्या आयुष्यात दिसलं नसेल. इथेही अधिकारी, फोटोग्राफर, दोन्ही पंच, सगळे त्या दोरीसमोरून गेले आणि कुणाला काही दिसलं नाही. जुनी फडकी आहेत, अधिकारी म्हणाला.

मी लुगडं बाजूला केलं. आम्ही वापरायचो त्यापेक्षा ही कापडं किती तरी मोठी होती, जाड घडीची. लुगड्याची नव्हती. धोतराची होती, पांढऱ्या, जुन्या धोतराची. मी वाकून वास घेतला. धुतलेलं असूनही तो वास जात नाही. आजाऱ्यांच्या खोलीत येतो तो. एवढी मोठी कापडं कुठल्याच बाईला महिन्याला लागत नाहीत. ही बाईची कापडं नव्हतीच.

मग सगळं एकामागून एक सरळ झालं. परीटघडीचं धोतर, फिनेल, झोपले होते म्हणणारी म्हातारी. पैलवानांना लघवी कळत नव्हती. पहाटे मोरीपर्यंत पोचायच्या आधीच झाली आणि ते त्यातच घसरले.

मी अधिकाऱ्याला गच्चीवरच सांगितलं. तो ऐकत राहिला, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. मी म्हणाले, मी फरशीच्या सांध्यातले नमुने घेते, बादलीतले कपडे घेते, ही कापडंही घेते, प्रयोगशाळेत कळेल. तो म्हणाला, मॅडम, प्रयोगशाळेचा कागद यायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज मी वरिष्ठांना काय सांगू? फडकी सापडली? कोणी बघितलंय का ते पडताना? बघणारी एकच बाई असणार आणि ती म्हणते मी झोपले होते. त्याचं हेही बरोबर होतं.

लोकांचे जबाब घेणं हे माझं काम नाही. ते पोलिसांचं. मी त्याला एवढंच म्हणाले, की मला महिला पोलिसांबरोबर त्या आजींजवळ जरा बसू दे. तो मान हलवून बाजूला झाला.

आजी मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. नेसलेलं लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले, कपाळ पुसलेलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, आजी, मी टाकीमागची कापडं बघितली. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मग पदराआडून म्हणाल्या, 'बाई, लिहू नका. मेल्यावर तरी नको.'

नंतर त्यांनी सांगितलं, हळूहळू, माझ्याकडे न बघता. वर्ष झालं होतं. पैलवान डॉक्टरकडे जायचं नावच काढू देत नव्हते. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे मुलाला सांगायचं, आणि मुलाला कळलं की आळीला कळलं. जुनी धोतरं फाडून कापडं आजी शिवायच्या, पहाटे सगळ्यांच्या आधी धुवायच्या आणि या गुडघ्यांनी गच्चीवर न्यायच्या. त्या पहाटे पैलवानांनी हाक मारली, आजी मागून उठून गेल्या, आणि आजींच्या डोळ्यांदेखत त्यांचा पाय घसरला. आजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सुनेला दिसू देऊ नको, एवढं ते बोलले आणि मान टाकली. आवाजानं सून आलीच होती. आजींनी बोळाचं दार आतून लोटून घेतलं, आत येऊ नको म्हणाल्या, आणि सगळं पुसून, त्यांना धुतलं नेसवल्यावर मगच दार उघडलं. मग दोघींनी मिळून त्यांना खाटेवर नेलं. अंगावरचं काढलेलं बादलीत घालून, भिंत धरत धरत, एकेक पायरी बसून वर नेलं. त्यांची लाज झाकायची होती, बाकी काही नाही, आजी म्हणाल्या.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, उठावं, ती दोरी सोडून कापडं पिशवीत भरावी आणि विश्रांतवाडीला नेऊन जाळून टाकावी. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी वाटलं नव्हतं. मयत माणसाला आम्ही किती उघडं करतो! त्याच्या कपड्यांचे, अंतर्वस्त्रांचे, ताटातल्या उष्ट्याचे फोटो काढतो, मोजपट्टी लावून. तो काही बोलू शकत नाही म्हणून आम्हाला ते जमतं. इथे त्याच्या वतीनं बोलणारी माझ्यासमोर बसली होती.

पण मी म्हणाले, आजी, लिहावं तर लागेल. नाही लिहिलं तर ते सुनेला घेऊन जातील.

त्यांनी पदर खाली घेतला. 'तिला कशापायी?'

त्यांना माहीतच नव्हतं. पोलीस येतात, विचारतात, जातात, असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं, तुम्ही झोपले होते म्हणालात, म्हणजे जागी ती एकटीच उरली. काल तिचं आणि त्यांचं भांडण सगळ्यांनी ऐकलं. आणि तिनं सांगितलंय की फरशी मीच धुतली, कपडे मीच बदलले.

'तिनं असं सांगितलं?' त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. आजी खोलीच्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या, जिथे सुनेची पाठ दिसत होती. मग मला म्हणाल्या, हात द्या.

मी त्यांना सांगितलं की बाहेर जायची गरज नाही, साहेबांना आत बोलावू, जबाब इथेच होईल, पंचांचंही काम नाही. त्या उठल्याच. 'आत सांगितलं तर म्हणतील, सुनेनं पढवलं,' म्हणाल्या. 'भांडण आळीनं ऐकलंय. ह्येबी आळीला ऐकू द्या.'

भिंत धरत त्या बाहेर ओट्यापर्यंत गेल्या. तिथे दोन्ही पंच बसले होते, अधिकारी उभा होता, गल्लीत पाचपन्नास माणसं जमलेली. आजींना बघून सगळे उठून उभे राहिले. अधिकाऱ्यानं कॅमेऱ्यावाल्याला खूण केली. आजींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोठ्या, सपाट आवाजात बोलल्या, जणू रेशनच्या दुकानात नाव सांगत होत्या.

'त्येंना लघवी कळत नव्हती. वरीस झालं. पहाटं त्यातच पाय घसरला. म्या समोर व्हते. धुतलं म्या, नेसवलं म्या. सुनेनं कशाला हात लावला न्हाई.'

डेअरीवाल्यानं मान खाली घातली. अधिकाऱ्यानं दोन-तीन प्रश्न विचारले, अगदी हळू आवाजात, आणि आजींनी उत्तरं दिली. मी आत जाऊन फरशीच्या सांध्यातले नमुने घेतले, कापडं एकेक करून कागदी पाकिटात घातली, सील केली, पंचांच्या सह्या घेतल्या. वर्णनात काय लिहायचं यावर मी थोडा वेळ अडले. मग लिहिलं, 'पांढऱ्या सुती कापडाच्या हाताने शिवलेल्या घड्या, धुतलेल्या, स्वच्छ.' स्वच्छ हा शब्द आमच्या भाषेत बसत नाही, पण मी तो खोडला नाही. पुढे प्रयोगशाळेतूनही आजी म्हणाल्या तेच आलं आणि प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झालं. सुनेला कोणी कुठे नेलं नाही.

आम्ही सामान आवरत होतो तेव्हा त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या. बोळातून जाताना मला त्या दिसत होत्या आणि ऐकूही येत होतं. सून सासूला चिडून विचारत होती, सगळ्यांपुढं कशाला बोललात, मी सांभाळून घेत व्हते ना. सासू म्हणाली, तुला काय ठावं, काय सांभाळायचं व्हतं ते.

'ठावं व्हतं, आत्या,' सून म्हणाली. 'पावसात ती कापडं आत कोण घेत व्हतं? तुमी देवळात, पाऊस आला की म्या वर पळायची. थांबला की परत व्हती तशी घालायची, तुमचं लुगडं वरनं. काल मामांना त्येच म्हणत व्हते, डॉक्टरकडं चला, न्हाईतर ह्यांना सांगते.'

सकाळपासून आजी रडल्या नव्हत्या. आता त्यांचा आवाज फुटला.

'वरीसभर ठावं व्हतं, आणि मला एकदाबी म्हणाली न्हाईस?'

'तुमी झाकत व्हता,' सून म्हणाली. 'मग मी कशी म्हणू?'

आजी तिथेच फरशीवर फतकल मारून बसल्या आणि सुनेचा हात धरून नवऱ्यासाठी रडायला लागल्या.